पितरांचं पाणी

“परक्या बीजाचं पोर पितरायले पानी देऊ शकत नाही, माय,” गुरुजी आईला सांगत होते. कापराचा वास आला की साखरखेर्ड्याची ती सकाळ अजून आठवते. दोष दादात होता आणि मुंबईच्या डॉक्टरांनी वहिनीला दुसऱ्या पुरुषाच्या बीजाचा उपाय सुचवला होता. “मंग तिची ओटी रिकामीच बरी,” आई म्हणाली. दाराआड वहिनीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून गुरुजी मला ‘मडम’ म्हणत. त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. महाभारत मात्र दर चातुर्मासात त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. मनगट सोडवून मी उंबऱ्यावर आले आणि म्हणाले, “गुरुजी, पंडुराजाचीही मुलं परक्या बीजाचीच होती ना? मग त्याला पाणी कोणी दिलं?”