चाकाखालचा देव

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. भूमकडच्या आमच्या माळावर पाझर तलावाचं काम चाललं व्हतं आन् आमी बाया मातीच्या पाट्या वाहत व्हतो. तिथं सहकारी संघाची जीप यायची. संघाचे चेरमन आण्णासाहेब पुढं बसायचे आन् गाडी चालवायचा तेर गावचा कोंडिबा.

ह्या कोंडिबाचं मला भारी नवल. उमरग्याकडं ट्रकवर क्लीनर म्हणून घासलेला गडी, बोलायचा कमी. गाडी थांबली की आधी चारी चाकं पायानं ठोकून बघायचा, बॉनेट उघडून पानी बघायचा, काच पुसायचा. मग मागनं पोत्यात गुंडाळलेला एक लालभडक दगड काढून दोन्ही हातांनी चाकाखाली ठेवायचा. कुनी जवळ गेलं की खेकसायचा, "हात लावायचा न्हाय."

गडी बौद्ध. गाडीत देवाची तसबीरसुदिक नव्हती. मग हा दगड कशापायी जपतो? माझ्या डोक्याला भुंगाच लागला. दुसरी असती तर गप पाटी उचलून गेली असती, मला मेलीला चैन पडंल तर ना.

धुरपदाबाईनं मातर निकाल लावून टाकला. ती आमच्यातली थोरली, तिच्या अंगात यायचं. म्हनाली, "अगं, शेंदूर फासलाय की त्याला. देव हाय त्यो. आन् देव चाकाखाली घातल्यावर पाऊस येतोय कुठला?" समद्या बायांना पटलं. खरं सांगते, मलाबी पटलं. उपाशी पोटी काय बी पटतं.

एका दुपारी आण्णासाहेब तलावाच्या पल्याड काम बघाया गेले. गाडी भरावावर उभी, तोंड उताराला. सकाळी गाडी लावली तवा खाली कुनी नव्हतं. उन्हं फिरली तशी आमी पोरांच्या झोळ्या खालच्या दोन बाभळींच्या मधी, ऐन वाटेवर टांगल्या. माझा बाबू त्यातच, तान्हा. कोंडिबा पानी प्यायला डेऱ्याकडं गेला आन् धुरपदाबाई पदर खोचून गाडीपाशी गेली. दगडाला हळद-कुंकू वाह्यलं, "देवा, सुटा आता" म्हनाली आन् पहारीनं दगड उचकटला.

गाडी हलली. बसलेला बैल उठावा तशी, हळूच.

कोंडिबा हातातला तांब्या टाकून धावला. चालत्या गाडीत उडी घेतली आन् दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. गाडी थांबली, पन पाय जरा ढिला पडला की पुढं सरकायची. "पोरं काढा," एवढंच वरडला, आवाज फाटला व्हता त्याचा. आमी ऊर फुटेस्तोर पळालो. झोळीची गाठ सुटंना. म्या तशीच झोळी उलटी करून बाबूला उराशी धरलं. शेवटचं लेकरू निघालं, बायांनी दोर तोडले, तवा त्यानं पाय उचलला. गाडी बाभळींच्या मधनं खाली आली, फुरफुरून चालू झाली आन् सपाटीला जाऊन थांबली.

कोंडिबानं उतरून आधी जवळचा एक धोंडा चाकाखाली सारला.

"हँडब्रेक गेलाय, बॅटरी मेलीय," त्यो म्हनाला. "ढकलल्याबिगर चालू व्हत न्हाय, म्हणून उताराला लावतो. सरकू नये म्हणून त्यो दगड. आन् रस्त्यात इसरू नये म्हणून त्याला तांबडा रंग दिला." धुरपदाबाई मटकन खाली बसली आन् रडाया लागली. मला तिचा राग येईना. राग आला त्यो गाडीत पुढं बसनाऱ्याचा.

तेवढ्यात आण्णासाहेब आले. समदं ऐकून घेतलं आन् म्हनाले, "कुणाला काही झालं नाही ना? मग चल, मीटिंगला उशीर होतोय."

कोंडिबानं किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आण्णासाहेब, तुमाला कवाधरनं सांगतोय. ब्रेक झाल्याबिगर म्या गाडीत बसनार न्हाय."

"दुसरा ड्रायव्हर ठेवीन मी."

"ठेवा. माझीबी लेकरं हायत, उपाशी मरतील. पन नव्या गड्याला आधी हितं आना आन् ही पोरं दावा."

आण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्या बाबूला पदराखाली घेतलं न्हाय, मुद्दाम त्यांच्यापुढं धरला. पोरगं हसत व्हतं, त्याला काय ठाऊक. त्यांनी किल्ली कोंडिबाला परत दिली, "ब्रेक झाल्यावरच चालव," म्हनाले आन् पायीच एसटीच्या सडकेला लागले.