पासलीच्या वर, एका पानासाठी

वेल्ह्याच्या एसटीत मी मांडीवर हस्तलिखिताचं बाड घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात संपादकांशी भांडत होते. आफ्रिकेतल्या एका कादंबरीचा मी मराठी अनुवाद केला आहे. गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध बंड पेटलेलं, आणि ते सगळं एका नऊ वर्षांच्या मुलीने पाहिलेलं. त्यातलं एक पान संपादकांना नको होतं. "किशोरवयीन वाचकांना झेपणार नाही," म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझा होकार हवा होता. त्याआधी मला कादंबरीतल्या शेळ्यांबद्दल एखाद्या जाणत्या माणसाला विचारायचं होतं.

नसरापूर मागे पडलं, तोरणा जवळ आला. वेल्ह्याहून जीपने पासली गाठली आणि धनगरवाड्याची (धनगरांच्या वस्तीची) चढण धरली. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच चढले, माघार घ्यायची नाही हा माझा जुना रोग आहे.

ओळखीच्या शिक्षिकेने सुचवलेल्या सखूमावशी शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्यांनी नाचणीची भाकरी आणि ताक पुढे ठेवलं. "आदी खावा, मग वाचा."

मी तेच पान वाचलं. शिपाई गाव जाळतात. मुलगी शेळीचं करडू (पिल्लू) घेऊन झुडपात लपते. ते ओरडू नये म्हणून त्याचं तोंड दाबून धरते. शिपाई जातात तेव्हा करडू मेलेलं असतं. सकाळी शेळी दूध देत नाही.

"देणारच न्हाई," मावशी म्हणाल्या. "करडू मेलं की शेळी पान्हा चोरती. मेल्याची कातडी दुसऱ्या करडावर टाकून तिच्याम्होरं धरावं लागतं, तवा वासानं पान्हा सोडती. म्या किती येळा केलंय."

मी ते प्रतीक समजले होते. तशी विद्वान तळटीपही लिहून ठेवली होती. मला लाज वाटली.

"त्या पोरीनं आईला सांगितलं का, म्या मारलं म्हून?" त्यांनी विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत कुणालाच नाही."

"लई वंगाळ. एवढुश्या जिवानं कुठं ठिवायचं ते?" मग माझ्या बाडाकडे बोट करून म्हणाल्या, "हितं लिवलंय, म्हंजे आता तरी तिनं सांगितलं म्हणायचं."

उतरताना तळपाय सोलवटले. वेल्ह्याच्या स्टँडवर मोबाईलला रेंज आली, तसा संपादकांना फोन लावला. एक पान गाळल्याने काय बिघडतं, हे ते समजावू लागले.

"पान राहील, नाहीतर अनुवाद परत करा," मी म्हटलं.

विचार करून कळवतो, म्हणाले. कळवोत. पुण्याची गाडी सुटली, मी खिडकीशी बसले. पुस्तक निघेल की नाही, ठाऊक नाही. त्या पोरीमागे बंदुका होत्या, म्हणून तिने करडाचं तोंड दाबलं. माझ्यामागे फक्त एक संपादक आहे. मी तिचं तोंड दाबणार नाही.