मामा कुठे बसले आहेत

फुकट काही देऊ नये असं छातीठोकपणे सांगणारा आणि स्वतः सगळं फुकट वाटून मोकळा होणारा व्यापारी आमच्या साडभाऊंसारखा अख्ख्या ब्रह्मपुरी तालुक्यात दुसरा झाला नाही. मोबाइलचं दुकान बुडाल्यावर त्यांनी बातमी विकायला काढली. कुठल्या शिवारात वाघ दिसला, ते फोनवरच्या ग्रुपमध्ये कळवायचं आणि महिन्याची वर्गणी घ्यायची. हा धंदा चालला तर गाव सोडावं लागणार नव्हतं. वर्गणी भरणाऱ्याला बातमी लगेच आणि फुकट्याला तासाभरानं, असा त्यांचा नियम होता. पण बातमी टाकली की तो तास ते फुकट्यांना एकेक फोन लावण्यात घालवत. हळूहळू वर्गणीदारही शहाणे झाले आणि फुकट्यांत जाऊन बसले.

त्यात वाघाचं नाव घेऊ नये ही त्यांच्या आईची शिकवण, म्हणून ते 'मामा' लिहीत. साताऱ्याकडून बदलून आलेल्या एका गुरुजींनी नवी वर्गणी भरली आणि दुसऱ्याच दिवशी वाचलं, 'मामा नाल्याच्या पुलावर बसून आहेत.' त्यांचे सख्खे मामा त्या दिवशी यायचे होते. गुरुजी पाण्याची बाटली घेऊन मोटारसायकलवर आणायला निघाले. तोवर पुलावरचे मामा झुडपात गेले होते, म्हणून भाचा वाचला. साडभाऊंनी वर्गणी परत केली आणि वर गुरुजी आणि त्यांचे मामा दोघांनाही जेवायला बोलावलं.

पुढे एक हॉटेलवाला आला. बातमी फक्त त्याला द्यायची, गावाला नाही, म्हणजे त्याच्या पर्यटकांच्या जिपा आधी पोचतील. घर चालेल एवढं तो देणार होता. त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, आशेनं दारात उभी होती. साडभाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग मला म्हणाले, "भाऊ, ज्याले वाघ पाहाचा हाये तो पैसे देते. ज्याले टाळाचा हाये त्याच्यापाशी पैसेच नाई. मंग मी खबर इकू कोनाले?"

आता ते पुण्याला पार्सलच्या गोदामात पहारा करतात. असा माणूस आम्हाला गावात ठेवता आला नाही, याची फार हळहळ वाटते. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया सकाळी चौकात थांबून एकमेकींना विचारतात, "आज कुठी हाये, काई समजलं का?" कोणालाच समजलेलं नसतं. थोडा वेळ थांबून त्या तशाच जंगलाकडे जातात.