गालातला ज्येष्ठमध

एक गोष्ट सांगतो, पण आमच्या घरी बोलू नका. घरी सगळ्याईले माहीत आहे म्हणा, पण जे माहीत आहे ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगायची मले सोय नाही. असा गाढवपणा माणूस आयुष्यात एकदाच करते. मी एका दिवसात दोनदा केला.

आमच्या पोरीची, प्राचीची सोयरीक जुळून राहिली होती. पोरगा मिहानमधल्या कंपनीत नोकरीले, घर धरमपेठेत. पोराचे वडील शरदराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर, व्यसनमुक्तीवर गावोगाव भाषणं देणारा माणूस. त्यांचा एकच निरोप आला होता. हुंडा नको, मानपान नको, फक्त घर निर्व्यसनी पाहिजे.

आता माझी कुंडली ऐका. तीस वर्षं मी खर्रा खाल्ला. नागपुरात राहून खर्रा माहीत नाही असा कोणी असन तं त्याच्यासाठी सांगतो, सुपारी, तंबाखू न् चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोट घोट घोटायचं आणि गालात ठेवायचं. कोराडीच्या आमच्या कॉलनीतला पानठेलेवाला मले लांबून पाहूनच घोटायले घ्यायचा. पण प्राचीनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायले लावली, आणि मी सोडला. आठ महिने झाले होते, भाऊ. खोटं नाही बोलून राहिलो.

बोलणी ठरली रविवारी. गुरुवारी साळ्याच्या पोराची वरात निघाली, त्यात मी बँडवाल्याच्या वरताण ओरडलो आणि शुक्रवारी सकाळी घसा बसला. बायकोले, म्हणजे वंदनाले, चहा मागितला तं तोंडातून नुसती हवा निघाली.

मंग काय विचारता, घरोघरचे डॉक्टर सुरू झाले. आमच्या वंदनानं दर तासाले मीठ-पाण्याच्या गुळण्या करायले लावल्या. हळदीचं दूध एवढं पाजलं की मले वाटलं लग्न माझंच आहे. शेजारच्या काकूनं मधातून मिरपूड चाटवली. शेवटी साळा आला. त्याचं म्हणणं पडलं, की हे दूध-बीध लेकराचं काम आहे, सावजीचा झणझणीत रस्सा प्या, घसा कसा मोकळा होते पाहा. प्यालो. डोळे मोकळे झाले, नाक मोकळं झालं, आणि घसा, जो आतापर्यंत नुसता बसला होता, तो आडवा झाला.

शनिवारी वंदनानं ठेवणीतला उपाय काढला. ज्येष्ठमध, लवंग, सुंठ आणि ओवा जाडसर कुटला. चिमूटभर गालात ठेवायचं, चावायचं नाही, हळूहळू रस गिळायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. डबी खिशात उघडते म्हणून तिनं तो सगळा माल दुधाच्या पन्नीत गुंडाळला आणि वरून रबर लावलं.

आलं का ध्यानात? माझ्या नाही आलं.

रविवारी पाहुणे आले. शरदराव, त्यांची बायको मालतीबाई आणि पोरगा. वंदना स्वयंपाकघरात वडे तळून राहिली होती. प्राची पुण्याहून त्याच सकाळी आलेली, तिले माझ्या घशाचं माहीत होतं, औषधाचं नाही. मी हॉलमध्ये नमस्कार करत उभा, एक गाल फुगलेला.

"निवृत्तीला किती वर्षं राहिली आपल्या?" शरदरावांनी विचारलं.

मी हनुवटी वर केली, रस सांडू नये म्हणून, आणि "उं उं" करत तीन बोटं दाखवली. नागपुरात अशी हनुवटी वर करून कोण बोलते, हे काय मी तुम्हाले सांगायचं? मालतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात गालातलं संपलं. मी खिशातून पुडी काढली. पाहतो तं ओलाव्यानं आत गोळा झालेला. आणि इथं माझा पहिला गाढवपणा झाला. तीस वर्षांची सवय, हात ऐकतात का? पुडी डाव्या तळहातावर ठेवली आणि उजव्या अंगठ्यानं घोटायले सुरुवात केली. अगदी मन लावून घोटली. दोन टिचक्या मारल्या, रबर काढलं, चिमूट घेतली, गालात सारली. मान वर करून पाहिलं तं सगळे माझ्या अंगठ्याकडे पाहून राहिले होते.

प्राची पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आठ महिने झाले म्हणाला होतात ना?" तिच्या डोळ्यात पाणी होतं.  बोलायले गेलो तं नुसतं "औ... औ..." निघालं. मंग टीपॉयवरचा पेपर ओढला, मार्जिनात लिहिलं, 'हे औषध आहे', आणि शरदरावांपुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "दिवाकरराव," ते शांतपणे म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात." मंग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मले गॅलरीत घेऊन गेले. मले वाटलं, संपलं. पोरीचं जुळत आलेलं लग्न बापाच्या अंगठ्यानं घोटून टाकलं.

शरदरावांनी दार लोटलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांची हेडमास्तरी मराठी कुठच्या कुठं गेली.

"काढा ना चिमूटभर," म्हणे. "सकाळपासून तोंडात नाही. गाडीत बायको बाजूलेच बसून होती."

मी दोन्ही हातानं नाही नाही केलं. त्यांले वाटलं मी कंजूषपणा करून राहिलो. माझ्या हातातून पुडी घेतली आणि चांगली तीन बोटांची चिमूट तोंडात टाकली. आधी चेहऱ्यावर समाधान आलं, मंग ओवा लागला. कठड्यावरून खाली थुंकले. मी तोच पेपर पुन्हा दाखवला. आता पटलं त्यांले.

"अरे बाप्पा, खरंच औषध हाय काय?" ते स्टुलावर बसले, उजव्या पायाचा मोजा काढला आणि त्यातून एक पुडी काढली. तीच पन्नी, तसंच रबर. माझ्या हातावर ठेवली. "घ्या. घशाले हे लागते."

आता पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याचा हात मागे सारायचा का? असं मी स्वतःले विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच ती पुडी ठेवून घेतली. हा दुसरा गाढवपणा.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. समोर वंदना, हातात झारा, मागे मालतीबाई आणि प्राची. हॉलमध्ये माझ्या खर्ऱ्याची काय कुजबुज चालली ते तिले कळलं होतं आणि तिचा पारा चढला होता.

"माझ्या नवऱ्यानं आठ महिन्यांत खर्ऱ्याले हात लावला नाही," ती म्हणाली. "हे मी माझ्या हातानं कुटलं आहे. घ्या विहीणबाई, तुम्हीच खाऊन पाहा."

आणि माझ्या हातातली पुडी घेऊन विहिणीच्या तळहातावर चिमूट ठेवलीसुद्धा. मी दोन्ही हात वर केले, मुंडी हलवली, पण मी सकाळपासून तेच करून राहिलो होतो, कोण लक्ष देते? मालतीबाईंनी चिमूट तोंडात टाकली. दोनदा चावली. मंग डोकं धरून मटकन खाली बसल्या.

"हा खर्रा आहे," त्या पदरात थुंकत म्हणाल्या. "यांनी सोडून बारा वर्षं झाली, पण हा वास मी विसरेन का? कोणाचा आहे हा?"

शरदरावांनी माझ्याकडे पाहिलं. एका पायात मोजा, एक पाय उघडा. त्या नजरेत बारा वर्षांची भाषणं होती. आणि मले दिसलं, की मी यांचं नाव घेतलं तं यांचा संसार जाईन, आणि त्यासोबत आमची सोयरीकही.

आणि तीन दिवसांच्या गुळण्या, हळद, मध, रस्सा, ज्येष्ठमध, कशानं जे झालं नाही ते त्या क्षणी झालं. घसा खणखणीत उघडला.

"माझा आहे," मी म्हणालो. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

सोयरीक मात्र जुळली. शरदरावांनी मोठ्या मनानं सांगितलं, की कबूल करणारा माणूस सुधारतो, यांची जबाबदारी माझी. अट एकच, साखरपुड्यात सगळ्यांसमोर मी शपथ घ्यायची आणि ती त्यांनी द्यायची. वंदना तोवर माझ्याशी बोलत नव्हती.

पुढच्याच रविवारी साखरपुडा, दोनशे माणसं. व्याह्यांनी माझा हात हातात घेतला आणि शपथ सांगायले लागले. हनुवटी वर, एक गाल फुगलेला, शब्द सगळे "उं उं" करत. पुढच्या रांगेतून मालतीबाईंनी काळजीनं विचारलं, की अहो, काय झालं?

"घसा बसला," शरदराव म्हणाले. "ज्येष्ठमध आहे."

सगळ्याईले लगेच पटलं. आमच्या वंदनाले तं इतकं पटलं, की आठवडाभरानं ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"पाहा," म्हणे, "याले म्हणतात औषध घेणं. शिका काही त्यांच्यापासून."