साखर घालून परत आलेली ताटली

फिलूबाईंची ताटली आमच्या इमारतीतल्या घराघरांतून दहा मिनिटांत परत जाई. धुऊन, पुसून, वर मूठभर साखर घालून. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, एवढे संस्कार आम्हां डोंबिवलीकरांवर होते. आतलं खावं, एवढे नव्हते.

फिलूबाई ठाण्याच्या खाडीकाठच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आमच्या तळमजल्यावर आलेल्या. नाताळच्या सकाळी क्रोशाच्या रुमालांनी झाकलेल्या ताटल्या घेऊन त्या जिना चढत. ताटलीत फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, पीठ फुगायला थोडी ताडी, आणि तळून लिंबाएवढे गोल. 'अंडं' आणि 'ताडी' हे दोन शब्द त्यांच्याआधीच वर पोचलेले असत. दारात "अय्या, कशाला एवढा त्रास!" व्हायचं, आणि दार लागलं की फुगे जिना झाडणाऱ्या काशीच्या पदरात.

"धा मिन्टांत परत?" त्या एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनींना म्हणाल्या. "फुगे हायेत वैनी, डोकेदुखीची गोळी नाय गिळायची."

इमारत सुधारली. ताटल्या दुसऱ्या दिवशी परत जाऊ लागल्या.

त्या मात्र आमचा फराळ आमच्यासमोर बसून खात. "तुमच्या चकलीनं माझी दाढ हलली, पण संपवली हां!" सत्यनारायणाचा प्रसादही त्या घेत. त्यावरून त्यांची नणंद त्यांना बोलली, तर म्हणाल्या, "शिरा हाय तो. प्रेमानं दिला, मी खाल्ला. आमचा येशू कोणाच्या घरी जेवाया नाय बोलला काय? नको त्या लोकांत बसला, नावं ठेवली लोकांनी, पण जेवला. मंग मी कोण?"

मी शाळेत मराठी शिकवत असे. घरात पुस्तकांची दोन कपाटं. मुलांकडून समतेवर निबंध लिहून घेई, त्यातली शुद्धलेखनाची चूक मला खपत नसे. माझेही फुगे काशीकडेच जात. फिलूबाईंना हे काशीनेच सांगितलं, तेही आभार मानताना. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या नाताळला त्यांनी काशीला तिची वेगळी ताटली दिली आणि आमच्याही चालू ठेवल्या. "काशीला तिचं मिळालं, मास्तर. आता तुमचं तुमी बघा."

त्यांच्या शेवटच्या नाताळला त्या अंथरुणावर होत्या. फुगे मुलीने केले होते. मला खाली बोलावून त्यांनी स्वतःच्या हाताने ताटली पुढे केली.

"एकच खा. माझ्यासमोर."

"आज चतुर्थी आहे, बाई. उपास आहे माझा."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "चतुर्थी परवा झाली, मास्तर. मनापण क्यालेंडर वाचता येतं." मग ताटली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "बरं, घरी न्या. उद्या खा."

दुसऱ्या दिवशी मी फुगे काशीपुढे धरले. "मना माझे मिळालेत," ती म्हणाली आणि जिना झाडू लागली. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिले आणि ताटलीत साखर घातली. नेहमीपेक्षा थोडी जास्तच घातली.

ईस्टर यायच्या आत त्या गेल्या.

त्यांना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या प्रार्थनेला सगळी इमारत आली. दुःख व्यक्त करण्यात आम्ही कधी मागे नव्हतो. स्वयंपाकघराच्या दाराशी मुलगी चहा करत होती. तिने साखरेची मोठी बरणी काढली.

"ही तुमची सगळ्यांची. ताटल्यांतून आलेली. आई वेगळी जपून ठेवायची आणि नाताळला फुग्यांत हीच घालायची. म्हणायची, त्यांचंच त्यांच्याकडे जातंय, कधीतरी खातील."

त्याच साखरेचा चहा आला. "आत्ताच घेऊन निघालो," वरच्या वहिनी म्हणाल्या. "आम्हीपण," बाकीचे म्हणाले.

मी प्यालो. सगळा प्यालो. त्यात अंडं नव्हतं, ताडीही नव्हती, आणि समोर बसून पाहणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा माझ्या धैर्याचं फार कौतुक करण्याचं कारण नाही.