कुत्र्याचा कौल

कुत्रा अजून आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुत्र्याची गोष्ट म्हटली की लोक रुमाल काढून बसतात. ज्यांना रडायचंय त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मला माझाच राग आलाय, वर्ष होत आलं तरी तो उतरत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही कॅनडाला निघालो तेव्हा तो अकरा पूर्ण करून बाराव्यात होता. गावठी, तांबूस, एक कान उभा, एक पडका. सानपाडा स्टेशनाबाहेर रिक्षा लागतात तिथे मुलीला सापडला, तेव्हा ती तीन वर्षांची आणि तो तिच्या चपलेएवढा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते हाक मारायला ठेवलं होतं, लिहायला नाही.

माझं काम कस्टम क्लिअरिंगचं. बावीस वर्षं बंदरातून लोकांचा माल परदेशी पाठवला. मशिनं पाठवली, आंबे पाठवले, संगमरवरी गणपती पाठवले, एकदा तर जिवंत घोडे पाठवले. त्यामुळे "कुत्रा न्यायचा म्हणजे फार किचकट हो" असं कुणी म्हणालं की मला हसू यायचं. कसलं किचकट? रेबीजचं इंजेक्शन, मानेत चिप, डॉक्टरचा दाखला, सरकारी पत्र आणि विमानवाल्यांच्या मापाचा पिंजरा. माझ्यासारख्याला हे डाव्या हाताचं काम. आठवड्याभरात त्याची फाइल तयार केली. प्लास्टिकचे कप्पे, वर लेबल, त्याचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो. फोटोसाठी त्याला आंघोळ घातली होती. म्हणजे कागदाचं निमित्त मला नव्हतंच, हे लक्षात ठेवा.

घोडं अडलं ते डॉक्टरकडे. वाशीच्या त्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हार्टमध्ये घरघर आहे. वयाने होतं. रोज अर्धी गोळी चालू करा."

"विमानात बसवता येईल?"

"येईल. नाही असं नाही. पण गॅरंटी मी देणार नाही. उद्या इथे बसल्या बसल्याही काही होऊ शकतं आणि तिकडे जाऊन तीन वर्षं मजेत राहूही शकतो. तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा. हे वाक्य मला ऐकायचंच नव्हतं. आमच्या धंद्यात कागदावर काय लिहिलंय यापेक्षा खाली सही कुणाची आहे हे माणूस आधी बघतो. सही दुसऱ्याची असली की आपण सुटलो. बावीस वर्षांत मला ही एक गोष्ट नीट शिकता आली, आणि मी ती घरातही वापरायला लागलो.

बायकोला विचारलं. ती नर्स, तिच्याच जोरावर आमचा तिकडे राहायचा परवाना झाला होता. ती म्हणाली, "मी उतरल्या दिवसापासून ड्युटीवर. काम मिळेपर्यंत घरी तूच बसणारेस. बर्फात त्याला खाली न्यायचं, आणायचं, पुसायचं, तुला जमणार असेल तर ने. मी नाही म्हणणार नाही." म्हणजे तिनेही सही केली नाही. मुलीला विचारायची सोयच नव्हती. "तो येतोय, विषय संपला," असं म्हणून तिने पिंजऱ्यावर त्याच्या नावाचा कागद चिकटवूनही टाकला होता.

सोसायटीला तर न विचारताच मत होतं. ज्या चेअरमनने दहा वर्षं लिफ्टमध्ये कुत्रा नेतो म्हणून मला नोटिसा काढल्या, तेच गेटवर थांबवून म्हणाले, "अहो, मुका जीव आहे. आपल्या मातीतच राहू द्या त्याला." माती म्हणे. सानपाड्यात माती आहे कुठे? जिथे तिथे पेव्हर ब्लॉक, आणि झाडाच्या बुंध्याशी वीतभर राहिलीय तिथे हा पाय वर करायला लागला की पहिला आरडाओरडा यांचाच. माणसाला प्रेमाचा उमाळा कधी येतो? ज्याची ब्याद टळतेय त्याच्याविषयी येतो.

राहिली आई. वडील गेल्यापासून नऊ वर्षं ती आमच्याकडेच होती. पहिल्यांदा राहायला आली तेव्हा दारातच म्हणाली होती, "कुत्रा घरान? देव बाटवायचं हायत काय?" महिनाभर तिने त्याला हातभर लांब ठेवला. मग एके दुपारी ऑफिसातून लवकर आलो, तर ही जमिनीवर बसून त्याला सुकटीचा भात भरवत होती आणि सांगत होती, "काटा हाय, बघून खा." त्यानंतर तो तिचाच झाला. दुपारी तिच्या पायाशी झोपायचा, आणि संध्याकाळी ती त्याला घेऊन खाली बाकावर बसायची. दोघांचेही गुडघे दुखायचे, त्यामुळे चाल जमायची. आम्ही गेल्यावर ती उरणजवळ आमच्या गावी, जासईला, धाकट्या भावाकडे जाणार हे ठरलेलंच होतं. तिची पेटी कुठल्या रविवारी न्यायची एवढंच बाकी होतं.

धाकटा भाऊ जासईला आमच्या जुन्या घराच्या जागेवर बांधलेल्या दुमजली घरात राहतो. त्याचे दोन ट्रेलर बंदराच्या कंटेनर यार्डात लागलेले असतात. त्याला फोन केला तर म्हणाला, "ठेव की हितं. पडून राहील ओटीवर. घरान नाय घेनार बाबा, बायको आयकाची नाय." मी म्हटलं, रस्त्यावरून दिवसभर कंटेनर जातात, त्याला आवाजाची सवय नाही. तर म्हणतो, "आमाला तरी कुठं व्हती?" मग तोच म्हणाला, "येवढं टेन्शन घेतोस, तं कौल लाव ना. देवी सांगल, मोकला हो."

आमच्याकडे हे नवीन नाही. घरात काही मोठं ठरायचं असलं की गावदेवीला कौल लावायचा. पुजारी दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो, घरातला कर्ता प्रश्न विचारतो, आणि सगळे हात जोडून बघत बसतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. वडिलांनी बंदरासाठी जमीन गेल्यावर मिळालेल्या प्लॉटचं काय करायचं ते असंच विचारलं. मी साताऱ्याची मुलगी करतोय म्हटल्यावर आईने विचारलं. भावाने ट्रेलर घेताना विचारलं. आम्ही कॅनडाला जाऊ का, हेही आदल्या वर्षी विचारून झालं होतं, आणि उजवं आलं होतं. मी शिकलोय, इंग्रजीत पत्रं लिहितो, पण त्या देवळात आमच्या घरातलं कुणीच शिकलेलं नसतं. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. देवीपेक्षा मोठी सही कुणाची?

रविवारी सगळे गेलो. कुत्र्याला देवळात घेत नाहीत म्हणून आई त्याचा पट्टा धरून बाहेर पायरीवर बसली. आत मी, बायको, मुलगी आणि भाऊ.

प्रश्न मी सानपाड्याहूनच घोकत आलो होतो. खरा प्रश्न एकच होता, याला बरोबर नेऊ का? पण तो मी विचारला नाही. मी देवीला हात जोडून म्हणालो, "आई, हा मुका जीव तुझ्या गावात ठेवून चाललोय, तू त्याला सांभाळशील ना?"

आता सांगा, कुठली देवी नाही म्हणेल? चार पाहुण्यांसमोर बायकोला "यांना जेवायलाच थांबवू ना गं?" असं विचारण्यातला प्रकार झाला. मुलीच्या ते ताबडतोब लक्षात आलं. "बाबा, असं नाही विचारायचं. नेऊ का ते विचारा." भावाने तिला गप्प केलं. प्रश्न एकदा मांडला की फिरवायचा नसतो, देवीला उलटसुलट केलेलं खपत नाही. मी मान डोलावली. शास्त्र माझ्या बाजूने होतं.

फुलं काही पडेनात. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कौलाच्या वेळी पंखा बंद ठेवायचा असतो, आणि मे महिना. बायकोचा ड्रेस पाठीला चिकटला होता, पुजारी गमछ्याने मान पुसत होता. पंचवीस मिनिटांनी डावं फूल जरासं सुटल्यासारखं झालं. कडेची पाकळी खाली वळली.

आणि मी म्हणालो, "जरा पंखा लावा हो, जीव चाललाय."

पुजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. भावाने उठून बटण दाबलं. पंखा भिंतीवरचा, फिरणारा. एकदा तिकडून इकडे आला, आणि उजवं फूल खाली पडलं.

पुजारी म्हणाला, "उजवा दिला देवीनं," आणि नारळ फोडायला घेतला. भावाने माझ्या पाठीवर थाप मारली. मुलगी पंख्याकडे बघत होती, मग तिने माझ्याकडे बघितलं. गाडीत बसल्यावर मी तिला समजावायला गेलो, की बघ, देवीनेच सांगितलं, आता आपण मनाला लावून घ्यायचं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाली, "पंख्याने सांगितलं." पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला तिचा राग आला. बापाला समजून घ्यायची अक्कल नाही, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. लाज वाटायला हवी होती ती मला, पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातली गत.

मला भीती कसली होती तेही सांगून टाकतो. तो विमानात मेला असता तर ते मी केलं असं झालं असतं. जासईला मेला असता तर तो म्हातारा होता म्हणून मेला असता. एवढाच हिशोब. प्रेम नव्हतं असं नाही, होतं. पण नाव खराब होऊ नये ही काळजी त्याहून मोठी होती.

निघायच्या आठवडाभर आधी दोघांना पोचवायला गेलो. मागच्या सीटवर आई आणि तो, डिकीत आईची पेटी, त्याची गादी, दोन भांडी. मुलगी आली नाही. तिने खालीच पार्किंगमध्ये त्याला मिठी मारली आणि वर गेली. उरण फाट्यापर्यंत तो झोपला होता. जासईजवळ ट्रेलरचे हॉर्न सुरू झाले तसा उठून बसला आणि आईच्या मांडीत तोंड घालून थरथरायला लागला. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. मी आरशातून बघत होतो. गाडी वळवता आली असती, अजून आठवडा होता, पिंजरा घरीच होता. मी वळवली नाही. कौल झाला होता ना.

भावाने पेटी आतल्या खोलीत नेली. खोली लहान, पलंग आणि जुनं कपाट. गादी मी ओटीच्या कोपऱ्यात घातली. कुत्रा त्या गादीवर न बसता दारात जाऊन उभा राहिला, आत जायला. भावाची बायको आतून म्हणाली, "नाय हां, आत नाय." घराचं दार बंद झालं. तो तिथेच उभा राहिला.

मग मी त्याची फाइल काढली. औषधाची चिठ्ठी आणि इंजेक्शनचा कागद तरी यांच्याकडे असावा म्हणून भावाला देत होतो. तो म्हणाला, "मना काय समजतंय, आयेला दे." आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तिने फाइल मांडीवर घेतली आणि एकेक कप्पा उलटत गेली. तिला वाचता येत नाही. ती फोटोंपाशी थांबली.

"कवरं फोटो काढलंस याचं."

"लागतात, आई. समोरून, बाजूने. नियम असतात."

"हां." तिने बाजूचा फोटो बोटाने पुसला. "याचा कौल लावलास. याचे कागद केलेस. माझा येक फोटो पन नाय काढलास."

ती रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो, भांडायला मी कधी कमी पडत नाही. पण ती सुकट संपली म्हणून सांगावं तसं म्हणाली. मी म्हणालो, "आई, तिकडची थंडी तुला झेपली नसती."

"नसती झेपली. पन इचारलं तं असतंस."

आईचा पासपोर्ट नव्हता. माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो फॉर्म भरायला मला वीस मिनिटं लागली असती. कुत्र्याचं काय करायचं म्हणून मी डॉक्टरला विचारलं, बायकोला विचारलं, भावाला विचारलं, देवीला विचारलं. जिच्या खोलीत तो झोपायचा, तिला मी ना त्याचं विचारलं, ना तिचं.

फाइल बंद करून तिने बाजूला ठेवली आणि पट्टा ओढून त्याला दारापासून आपल्याजवळ आणलं. तो तिच्या पायाशी बसला.

"याची गोली सकालची का सांजची?" तिने विचारलं.

"सकाळची," मी म्हणालो. "अर्धी. खाऊन झाल्यावर."