बांगडीला अडकवलेली पिन

सिनेमातल्या, कॉमिक्समधल्या पात्रांचे वेश करून आलेल्या चाहत्यांचा मेळावा होता. त्या रेटारेटीत एक योद्धा दिसला. फोमचं चंदेरी चिलखत, पाठीला माणसाएवढे पंख. हातांत जाड पंजे घातलेले, म्हणून त्याची आई त्याला स्ट्रॉने पाणी पाजत होती. तेवढ्यात पंखाचा पट्टा सुटला. तिने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि पट्टा त्याच्या खांद्याशी टाचला.

मी मोबाइल रोखून म्हटलं, "काकू, जरा बाजूला होता का?"

"हो हो, घ्या ना!" ती चटकन सरकली. सकाळपासून हेच ऐकत असावी. "तीन महिने आमच्या जेवायच्या टेबलावर हेच बनवत होते मी," ती कडेने कौतुकाने सांगत होती. मी फोटो काढून पुढे निघालो.

घरी पाहिलं, तर फोटोच्या कोपऱ्यात बाटली धरलेला तिचा हात आला होता. तोही मी कापला आणि फोटो ग्रुपवर टाकला. लगेच मित्राने विचारलं, "कोणी बनवलंय रे हे?"

'त्याच्या आईने' असं लिहायला गेलो, तर तिचा चेहराही आठवेना. शाळेच्या गॅदरिंगला मी राजा झालो होतो, त्या फोटोतही माझी आई नाही. मुकुट तिनेच केला होता. ती फोटोत का नाही, हे मला आजवर विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मी फोटो मोठा करून बघत राहिलो. योद्ध्याच्या खांद्यावर पिन चमकत होती. तेवढी कापायची राहून गेली होती.